लोखंड बाहेर ठेवा

गायकवाडबाईंच्या घरी जायचं तर आधी खिसे रिकामे करावे लागत. चाव्या, पेनचाकू, चिल्लर, कंबरेचा पट्टा असेल तर तोही. हे सगळं उंबऱ्याबाहेरच्या पाटावर ठेवायचं आणि मग आत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सायकल अंगणात लावली. बाई पदर खोचून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सर, ती तिकडं आंब्याखाली. तुम्ही इथं या, सायकल तिथं राहू दे." मला वाटलं, अंगण नुकतंच सारवलेलं असेल. कारण निराळंच होतं.

कर्जतच्या आमच्या शाळेत त्या भूगोल आणि विज्ञान शिकवत, मी मराठी. माझ्याआधी दोन-तीन वर्षं त्या लागलेल्या, त्यामुळे फळ्याचं फडकं कुठं ठेवायचं इथपासून सगळं मी त्यांच्याकडून शिकलो. ठेंगणा बांधा, काळीसावळी मुद्रा, आवाज मात्र मैदानाच्या टोकाला पोचणारा. अंबाड्यात आकडा नसायचा, सागाची एक घोटलेली काडी असायची. साडीला पिन नाही, छत्री लाकडी दांड्याची. पोरं त्यांना चुंबकबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं, फक्त कुणी तोंडावर म्हटलं तर एक प्रश्न विचारून त्याची बोलती बंद करत.

चुंबकाचं वेड त्यांना कॉलेजात असताना लागलं. सहलीत त्यांनी किनाऱ्यावरची एक चुंबकीय वेधशाळा पाहिली होती. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे आणि सूर्यावर खळबळ झाली की दीड-दोन दिवसांत त्याचा तडाखा इथवर येतो, सुया थरथरतात, ध्रुवांकडच्या आकाशात रंगीत पडदे हलतात, हे सगळं त्यांना तिथंच कळलं. पण त्या सांगायला लागल्या की आधी दाराचंच सांगत. "सर, पट्टेवाल्यानं मला दारात अडवलं. मी म्हटलं, झालं! कॉलेजात आले तरी हे सुटत नाही. तर तो म्हणाला, ताई, केसातले आकडे काढून ठेवा, आत लोखंड चालत नाही. माझ्यामागं आमचे प्रिन्सिपॉल होते, त्यांच्या चाव्या काढून घेतल्या. एका साहेबाचा पट्टा उतरवला. जन्मात पहिल्यांदा मला कुणी दारात थांबवलं आणि कारण पटण्यासारखं दिलं."

बाई चौक नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यातल्या. गावाच्या खालच्या अंगाला त्यांची वाडी. छप्पन साली सगळ्या वाडीनं दीक्षा घेतली, घरातले जुने देव नदीत सोडले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. वरच्या आळीतले लोक बाईंना रस्त्यात नमस्कार करत, पोरांच्या ॲडमिशनसाठी बोलवून ओटीवर पाट देत, चहा देत. मात्र त्यांच्या घरी कुणी येत नसे. ही गोष्ट बाई फार बोलत नसत. एकदाच म्हणाल्या होत्या, "येत नाहीत ते येत नाहीत. माझ्या घरातलं लोखंड तेवढं कमी."

घरातल्या मागच्या खोलीत त्यांचं यंत्र होतं. यंत्र म्हणजे लोणच्याची एक काचेची बरणी. आत जुन्या शालूच्या रेशमी धाग्याला टांगलेला पट्टीचुंबक, त्याला चिकटवलेला नखाएवढा आरसा. समोर पितळी चिमणी, तिच्यापुढे भोक पाडलेला पुठ्ठा. चिमणीचा प्रकाश आरशावरून परतून समोरच्या चुन्याच्या भिंतीवर ठिपका होऊन पडे. चुंबक जरा वळला की ठिपका सरके. रोज सकाळ-दुपार तो तांदळाच्या दाण्याएवढा इकडून तिकडं जातो आणि परत येतो, हे मी स्वतः पाहिलंय. बाई त्या जागी पेन्सिलीची बारीक रेघ ओढत. भिंतीवर इतक्या रेघा झाल्या होत्या की दर दिवाळीला चुना द्यावा लागे आणि बाईंची आई कुरकुरे.

आधी हे सगळं त्यांनी कर्जतला भाड्याच्या खोलीत मांडलं होतं. तिथं स्टेशनात विजेची गाडी आली की ठिपका हिव भरल्यासारखा कापायचा. म्हणून बरणी गावी गेली आणि बरणीमागोमाग बाईही. पुढं नोकरी संपेपर्यंत त्या रोज एस्टीनं जा-ये करत राहिल्या. एका बरणीसाठी माणूस इतका त्रास घेतो म्हणून स्टाफरूममध्ये आम्ही खूप हसायचो. त्या म्हणत, "तुम्ही कवितेसाठी झोप घालवता, मी एस्टीत झोप काढते तरी."

कवितेवरून आठवलं. गॅदरिंगला मी माझी एक कविता म्हटली होती. तिच्यात संध्याकाळी पूर्वेला चतुर्थीची कोर उगवत होती. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. बाई खाली भेटल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सर, शुद्ध चवथीची कोर संध्याकाळी पश्चिमेला असते. तुम्हाला पूर्वेला दिसली असेल तर डोळे दाखवून घ्या." त्यानंतर मी चंद्राच्या वाटेला गेलो नाही.

वर्गात त्यांनी ध्रुवीय प्रकाशाचं एक मोठं रंगीत चित्र लावलं होतं. कुठल्याशा कॅलेंडरचं. हिरवे-तांबडे झोत, खाली बर्फ. चित्राखाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं, 'हे कर्जतहून दिसत नाही.' दरवर्षी नवं पोरगं विचारायचंच, "बाई, मग लावलंय कशाला?" त्या म्हणत, "दिसत नाही हे कळावं म्हणून." मग एखादा चिवट निघायचा. कधीच नाही का दिसणार? खूप मोठं वादळ आलं तर? इथं बाई थांबत. फार फार मोठं वादळ असेल तर तो प्रकाश नेहमीपेक्षा बराच खाली, विषुववृत्ताच्या बाजूला सरकतो हे त्या कबूल करत. "तरी कर्जत लांब आहे बाळा. आशा ठेवायला हरकत नाही, पण उत्तर 'नाही' असंच लिही. हो कुणीही म्हणतं. नाही म्हणायला अभ्यास लागतो."

आता म्हशीचं सांगायला हवं.

बाईंच्या घरामागं भिवाजीचा गोठा. हा वाडीतलाच, नात्यानं लांबचा भाऊ. त्याची एक म्हैस फार खोडकर, दावं तोडून लोकांच्या भातात शिरायची. एका हिवाळ्यात बाई सकाळी बघतात तो काय, ठिपका भिंतीवर वीतभर नाचतोय. इकडून तिकडं, मध्येच थांबतोय, पुन्हा निघतोय. बाईंनी असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी शाळेत येऊन प्रार्थनेच्या वेळी सांगितलं की मोठं चुंबकीय वादळ सुरू झालंय, रेडिओ खरखरेल, तारायंत्रात अडथळा येईल. हेडसर भला माणूस, त्यांना शाळेचा अभिमान दाटून आला. त्यांनी गावातल्या साप्ताहिकाच्या संपादकाला बोलावून घेतलं आणि त्याच आठवड्यात बातमी आली, 'कर्जतच्या शिक्षिकेने पकडले सूर्याचे वादळ.' संपादकानं आपल्या मनानं पुढं जोडलं, की आकाशात रंग दिसण्याचीही शक्यता आहे. दोन दिवस लोक गच्चीवर उभे राहून माना मोडून घेत होते.

तिसऱ्या दिवशी बाईंची आई जेवताना सहज म्हणाली, "त्या भिवाजीला सांग गं, म्हस लांब बांध. रातभर साकळी वाजवती. आपल्याच भितीला खुटा ठोकलाय त्यानं."

बाई भरल्या ताटावरून उठल्या. मागं जाऊन बघतात तर दावं तोडते म्हणून भिवाजीनं म्हशीला जाडजूड लोखंडी साखळी घातलेली, आणि साखळी बरणीच्या खोलीच्या भिंतीला लागून ठोकलेल्या पहारीला अडकवलेली. म्हैस मान हलवील तसा ठिपका नाचत होता.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी त्यांनी व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहिलं, 'वादळ नव्हते. म्हैस होती.' खाली सही केली, पूर्ण नावानिशी. मग साप्ताहिकाच्या कचेरीत गेल्या आणि तेच छापा म्हणाल्या. संपादक म्हणाला, बाई, जाऊ द्या, लोक विसरतात. बाई हलल्या नाहीत. बातमी छापून आली आणि व्हायचं तेच झालं. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी म्हशीच्या शिंगांतून विजा निघताहेत असं चित्र काढलं. बाईंच्या गावात वरच्या आळीचा बाळाराम पाटील, भातगिरणीचा मालक, बाजारात चारचौघांत म्हणाला, "आता म्हशीला इचारूनच पेरनी करायची रं!" कुणी त्याहून वाईट बोललं, यांना शिकवून तरी काय उपयोग, असं. ते एस्टीत त्यांच्या मागच्याच बाकावर बोललं गेलं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. डबा उघडलाच नाही. "वीतभर सरकला तेव्हाच कळायला हवं होतं. वीतभर काही सरकत नसतं. हाव सुटली मला," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, चूक कुणाची होत नाही? त्यावर त्या चिडल्याच. "सर, तुमची चूक तुमची असते. माझी चूक आमच्या सगळ्या वाडीची होते. तुम्ही पूर्वेला चंद्र उगववलात, तुमच्या भावकीला कुणी बोललं का?"

पण बरणी त्यांनी फोडली नाही की माळ्यावर टाकली नाही. भिवाजीनं खुंटा हलवला. पुढं कितीतरी वर्षं कुणीही टवाळ भेटला की विचारी, "काय बाई, म्हैस काय म्हणते?" बाई मान वर न करता सांगत, "बरी आहे. दोन्ही वेळ दूध देते." आणि एक नवीन सवय लागली. ठिपका जरा जास्त हललासा वाटला की त्या आधी घराभोवती एक फेरी मारत. गोठा बघत, कुणी टेंपो लावलाय का, कुणी पत्रे आणून ठेवलेत का बघत. मग घरात येऊन रेघ ओढत आणि गप्प बसत. लहानसहान वादळं त्यांनी पुष्कळ पाहिली असणार. शाळेत त्यांनी त्यातलं एकही पुन्हा सांगितलं नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि बाईंची निवृत्तीही. मार्चात, परीक्षेच्या दिवसांत, त्या एका सकाळी उशिरा आल्या. गायकवाडबाई आणि उशीर हे एका वाक्यात बसणारे शब्द नव्हते. छत्री विसरलेली, अंबाडा सुटायला आलेला. मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "सर, ठिपका अंगठाभर सरकलाय. अजून थरथरतोय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हैस?"

"भिवाजीनं म्हशी विकून झाली तीन वर्षं. दोनदा फेरी मारली. वरच्या रस्त्यापर्यंत जाऊन आले. काही नाही." जरा थांबून म्हणाल्या, "त्याची लेक, आमची सुनंदा, यंदा डी.एड.ला चाललीय. वाडीतली माझ्यानंतर पहिलीच. जाता जाता माझी पुन्हा म्हैस झाली तर ती जिथं जाईल तिथं तिला ऐकून घ्यावं लागेल. नाही सांगितलं तर कुणाचं काही बिघडत नाही."

"मग नका सांगू," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पदरानं तोंड पुसलं आणि सरळ फळ्याकडं गेल्या. 'चुंबकीय वादळ चालू आहे. ध्रुवीय प्रकाश इथून दिसणार नाही.' खाली सही. जुने हेडसर कधीच निवृत्त झाले होते. नव्यांनी वाचलं आणि विचारलं, "खात्री आहे ना बाई?" त्या म्हणाल्या, "दोन्ही वाक्यांची."

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर गावी गेलो. इतक्या वर्षांत एकदा तरी खरं वादळ बघावं असं वाटलं. एस्टीतून उतरलो तेव्हा दिवेलागण होत होती. वाडीच्या तोंडाशीच गलका ऐकू आला. बाईंच्या अंगणात ही गर्दी! वाडीतली सगळी माणसं होती, आणि वरच्या आळीतलीही, अंगणाच्या कडेनं उभी. सगळ्यांची तोंडं उत्तरेला. माथेरानच्या डोंगरामागं आभाळ तांबडं झालं होतं. खाली गडद, वर फिकट होत गेलेलं, मधूनच उजळणारं. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. कॅलेंडरच्या चित्रात असंच होतं.

बाईंना बघताच गलका वाढला. कर्जतहून आलेल्या पोरांनी फळ्यावरचं सांगितलं होतं, त्यातलं पहिलं वाक्य तेवढं गावात पोचलं होतं. बाळाराम पाटील पुढं आला. केस पिकले होते, हातात नारळ होता. "बाई, आमी हसलो तुमाला. चुकलो. आलं बगा तुमचं वादळ, साऱ्या गावानं बगितलं." मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाईंची आई ओटीवर बसली होती. ऐंशी ओलांडलेली म्हातारी, दोन्ही हात जोडून आभाळाकडं बघत होती आणि रडत होती. सुनंदा तिच्याजवळ उभी होती, मान ताठ करून.

बाई बघत राहिल्या. वाऱ्याबरोबर जळक्या पाल्याचा वास आला तो मलाही आला. त्या दिवसांत पेरणीआधी जमीन भाजायला शेतकरी पालापाचोळा, गवत पसरून राब जाळतात. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला कुणाचा तरी राब वाऱ्यानं उधळून गवतात चढला होता.

त्यांनी गप्प बसायचं म्हटलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. सकाळी आग विझली असती आणि गाव जन्मभर सांगत राहिलं असतं. मला त्या क्षणी मनापासून वाटलं, बाई, एवढं एकदा गप्प बसा.

"बाळारामभाऊ," त्या म्हणाल्या, "त्यो राब हाय."

"काय?"

"राब. वणवा लागलाय पल्याड. वास घ्या की. मी सकाळीच लिवलं होतं, हितनं दिसनार नाय म्हनून."

बाळारामच्या हातातला नारळ तसाच राहिला. मागं अंधारात कुणी तरी पोरगं हसलं, "म्हस! परत म्हस!" आणि दोघं-चौघं फिसकन हसले. सुनंदाची मान खाली गेली. म्हातारीचे हात हळूहळू मांडीवर आले.

बाई मोठ्यांदा बोलल्या, तोच तो मैदानाच्या टोकाला पोचणारा आवाज. "राब भाईर हाय. वादळ आत हाय, माज्या भितीवर. ज्याला बगायचं त्यानं यावं. लोखंड तेवढं भाईर ठेवा. बाकी जसे हाय तसे आत या."

कुणी हललं नाही. वाडीतल्यांना त्या घरात जायला नवल नव्हतं, पण तेही थांबले. सगळे वरच्या आळीतल्यांकडं बघत होते. बाळाराम उंबऱ्याकडं बघत होता. मग त्यानं नारळ म्हातारीपुढं ठेवला, कमरेची कोयता अडकवायची आकडी सोडली, कोयत्यासकट पाटावर ठेवली. खिशातनं गिरणीच्या चाव्यांचा जुडगा काढला. "चपलंला खिळे हायती," तो म्हणाला.

"मंग चपला बी," बाई म्हणाल्या.

मी त्याच्या पाठोपाठ आत गेलो. खोलीत चिमणीचा तेवढाच उजेड. भिंतीवर आदल्या दिवसांच्या रेघा एकीला एक लागून होत्या, आणि ठिपका त्यांच्यापासून अंगठाभर लांब, एकटाच. बघता बघता तो थोडा आणखी सरकला, थांबला, परत आला. कुणी हात लावत नव्हतं, वारा नव्हता. बाळाराम कितीतरी वेळ वाकून बघत होता. मग तो भिंतीपाशी गेला, कान लावून पलीकडं काही वाजतंय का ऐकलं. वळून म्हणाला, "म्हस नाय." चेष्टेनं नव्हे. दोन दिवसांनी पेपरात बातमी आली, कुठं दूर देशात वीज गेली आणि कधी नाही तिथं आकाश लाल दिसलं, म्हणून. पण त्या गावाला पेपरची गरज राहिली नव्हती.

मी बाहेर आलो तर पाटावर आणि पाटाखाली लोखंडाचा हा ढीग. विळे, कोयते, चाव्या, पट्टे, सायकलची एक चेन. दारापासून आंब्यापर्यंत रांग. वाडीतली आणि वरच्या आळीतली माणसं जशी आली तशी उभी होती, एकामागं एक. म्हातारी आत जाऊन आली होती. तिनं लेकीला विचारलं, "हितं बी येतं व्हय गं ते?"

"हितं बी येतं, आये. दिसत नाय, येवढंच."

शेवटची एस्टी गाठायची होती म्हणून मी निघालो. रस्त्यावरून एकदा वळून पाहिलं. डोंगरामागचं तांबडं विझत आलं होतं आणि तिकडं आता कुणीच बघत नव्हतं. बाई उंबऱ्याशी ढिगाजवळ बसल्या होत्या. बाळारामची बायको डोक्यावरचा पदर सावरत दारात अडखळून उभी होती, आणि बाई तिला सांगत होत्या, "अंबाड्यातला आकडा काढ गं. आन ये आत."